रविवारी दुपारी घरच्यांसमोर मेलो

हुमनाबादच्या बाजारात माझं भांड्यांचं दुकान आहे. डबे, कुकर, पातेली, लग्नात द्यायची ताटं. स्वभावानं मी मऊ माणूस. गिऱ्हाइकाच्या हातून ताटली खाली पडून पोचा आला, तरी मीच आधी म्हणतो, "काय न्हाई, काय न्हाई, असू द्या." पण अंगानं मला देवानं पैलवान करून ठेवलंय आणि मिशा दिल्यात त्या थेट जुन्या काळच्या फौजदाराच्या. आतला माणूस आणि बाहेरचा माणूस यांची आयुष्यभर कधी गाठच पडली नाही. सिनेमावाल्यांना बाहेरचा माणूस आवडला, आणि पुढचं सगळं त्यातूनच झालं.

माझा मेव्हणा बिदरच्या बाहेर कोळारला एका गोदामावर देखरेखीला असतो. तिथलं एक रिकामं शेड हैदराबादच्या सिनेमावाल्यांनी मारामारीसाठी घेतलं होतं. एके दिवशी दुकानात असताना त्याचा फोन आला.

"दाजी, त्यांना तुमच्यासारखा एक माणूस पायजेल."

"माझ्यासारखा म्हंजे?"

"दिसायला," मेव्हणा म्हणाला. "बाकी काय आवाजबिवाज लागत न्हाई म्हणायलेत."

मी मनात फक्त 'पायजेल' एवढंच ठेवलं आणि बाकीचं वाक्य सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी मिशांना तेल लावून, बिदरच्या बसमध्ये खिडकीशी बसून मी निघालो. शेजारच्या प्रवाशानं कुठं जायलाव म्हणून विचारलं, तेव्हा "शूटिंगला" असं इतक्या हळू म्हणालो, की त्यानं परत विचारावं. त्यानं विचारलं नाही. मग मीच मोठ्यानं सांगितलं.

पिक्चर मोठ्या शहरातला होता. गुन्हेगारांच्या टोळ्या, पाठलाग, गोळीबार असला. त्यासाठी शेडवर मोठ्या शहरातल्या कंपनीची पाटी लावली होती आणि लांबलचक काळ्या गाड्या उभ्या केल्या होत्या. बाजूच्या मोकळ्या प्लॉटवर कुणाच्या तरी शेळ्या चरत होत्या. कॅमेरा सुरू व्हायच्या आधी एक माणूस त्यांना हाकलून यायचा, कारण त्या शहरात शेळ्या नव्हत्या. कॅमेरा सुरू झाला की त्या परत यायच्या.

मी होतो खलनायकाच्या गोदामाच्या दारावरचा माणूस. मला काळा शर्ट दिला, तो अंगात शिरेना. मग कपडेवाल्या बाईनं तो पाठीमागून सरळ कापला आणि दोन्ही बाजू पिनांनी बनियनला अडकवल्या. "पाठ दाखवू नका," एवढं तिनं बजावलं. म्हणजे हिरो आल्यावर मला पळून जायची सुद्धा सोय राहिली नाही.

काम सोपं होतं. हिरो येणार, मी हात आडवा करून म्हणायचं, "अंदर कोई नहीं जाता." पिक्चर तेलुगू होता, पण मला तेलुगू येत नाही म्हणून हिंदीत. मग तो मारणार आणि मी मागच्या खोक्यांच्या थप्पीवर पडून मरायचं. खुद्द हिरो त्या दिवशी आलेलाच नव्हता. त्याच्यासारखे केस लावलेला एक शांत गृहस्थ होता. त्यानं आधी माझ्या पाया पडल्यासारखं केलं आणि म्हणाला, "चाचा, माफ करना हाँ."

बोलणं मला जमलं. पडणं जमेना. पहिल्या वेळी मी न्हाणीघरात पाय घसरल्यावर माणूस बसतो तसा दोन्ही हात मागं टेकून अलगद बसलो. फाइट मास्टर हैदराबादचा, बारीक अंगाचा, पानानं रंगलेल्या तोंडाचा माणूस. तो म्हणाला, "अन्ना, गिरना है. बैठना नक्को."

पुढच्या वेळी पडलो, पण माझा धक्का लागून खोक्यांची थप्पी हलली. आता भांड्यांच्या दुकानात उभं आयुष्य गेलेल्या माणसाला हललेली थप्पी दिसली तर तो काय करणार? मेलेला मी झटकन उठलो आणि दोन्ही हातांनी खोकी धरली. सगळे हसायला लागले. त्याच्या पुढच्या वेळीही धरली. फाइट मास्टर जवळ आला आणि समजावणीच्या सुरात म्हणाला, "अन्ना, डिब्बे खाली है. गिरने दो." मला ते कळत होतं. हातांना कळत नव्हतं.

शेवटी त्यानं त्या शांत गृहस्थाच्या कानात काहीतरी सांगितलं. मी समोर बघत हात आडवा करून उभा, आणि तो समोरून न येता बाजूनं आला. मला काही कळायच्या आत खांद्याला धक्का बसला, पायाखालून जमीन गेली आणि खोक्यांसकट मी खाली. सगळी खोकी अंगावर. वरून टाळ्या ऐकू आल्या. "मस्त मरे अन्ना," फाइट मास्टर म्हणाला. मी खरंच घाबरलो होतो, हे मी कुणाला सांगितलं नाही. घरी जाताना बसमध्ये मी त्याला अभिनय असं नाव दिलं.

निघताना नटांचे केस-मिशा बघणाऱ्या माणसानं सांगितलं होतं, "मिशा तशाच ठेवा, परत बोलावू कदाचित." ते 'कदाचित' मी महिनोन्‌महिने ओठावर वागवलं. न्हाव्यानं कात्री उचलली की मी म्हणायचो, "हात लावू नको, शूटिंग हाय." मिशा इतक्या वाढल्या की ताक पिताना पंचाईत व्हायची. परत कुणी बोलावलं नाही.

बाजारात मात्र मी मोठा झालो होतो. हिरोनं मला मारलं, असं मी सांगत होतो. सांगता सांगता मीही त्याला दोन ठेवून दिल्या, असं व्हायला लागलं. दुकानाच्या दारात हाताची घडी घालून, पाय फाकून उभं राहायची सवय लागली. एके दिवशी बायको डबा घेऊन आली आणि थोडा वेळ बघत राहिली.

"अहो, आत बसा की."

"कामून?"

"बाया दारापर्यंत येऊन माघारी जायल्यात," ती म्हणाली.

पिक्चर लागला की सगळ्या घराला टॉकीजमध्ये न्यायचं, असं मी ठरवलं होतं. शेजारच्या कापडदुकानदारालाही बोलावून ठेवलं होतं. मग एक दिवस मेव्हण्याचा फोन आला. पिक्चर टॉकीजमध्ये लागणारच नाही, घरी बघायलाच काढलाय, टीव्हीवर नाहीतर मोबाईलवर.

कापडदुकानदाराला हे सांगितलं, तर तो गज बाजूला ठेवून म्हणाला, "म्हंजे शिरियल का?"

"शिरियल न्हाई. पिक्चरच हाय. घरी बघायचा."

"मंग पडदा न्हाई?"

"न्हाई."

"शिट्ट्या कोण मारणार?" त्यानं विचारलं, आणि कापड मोजायला लागला. माझ्या मोठेपणाला पहिली भेग तिथं पडली.

तरी मी हार मानली नाही. रविवारी दुपारी सगळ्यांना घरी बोलावलं. माझी अक्का करजगीहून सकाळच्या बसनं आली, येताना ज्वारीच्या कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणी घेऊन. मेव्हणा आला. कलबुर्गीला शिकणारी माझी मुलगी सुट्टीला आलेली होती, तिनं टीव्हीला काय काय जोडून पिक्चर शोधून ठेवला. आणि अव्वा. आईला आमच्याकडं अव्वा म्हणतात. ती सकाळची लिंगपूजा आटोपून, धुतलेलं लुगडं नेसून, टीव्हीच्या अगदी समोरच्या खुर्चीत जाऊन बसली होती. शेजारपाजारच्या बायकांना तिनं बोलावलं नव्हतं. "आधी आपण बघू," ती म्हणाली. माझ्यावर तिचा विश्वास किती होता, ते यावरून कळावं.

अव्वाला तेलुगू येत नाही, म्हणून मुलीनं कन्नड आवाज लावला. पिक्चर सुरू झाला. शहर, गाड्या, पाऊस, पळणारी माणसं. मी सोफ्याच्या कडेवर बसून पुढं पुढं सरकत होतो. बायकोनं उप्पीट आणलं, मी ताटली हातात घेतली आणि विसरलो.

मग शेडचं दार दिसलं. दारात मी.

मुलीनं तिथंच पिक्चर थांबवला. "अप्पा, तुम्ही." सगळे माझ्याकडं बघायला लागले आणि मी पडद्याकडं. तिनं नेमकं अशा जागी थांबवलं होतं, की माझे डोळे अर्धे मिटलेले आणि तोंड अर्धं उघडं. इतका मोठा मी मला कधीच दिसलो नव्हतो. चेहऱ्यावर जरब असावी अशी माझी अपेक्षा होती. तिथं तर जेवणानंतर डुलकी लागलेला माणूस उभा होता.

"पोट लई दिसायलंय, तम्मा," अक्का म्हणाली. अक्का मला अजून धाकटा भाऊ म्हणून तम्माच म्हणते.

"शर्ट तसा होता," मी म्हणालो.

पिक्चर पुढं सरकला. पडद्यावर मी हात आडवा केला आणि तोंडातून असा काही घोगरा, खोल आवाज निघाला की मीच दचकलो. त्या आवाजात शुद्ध बेंगळुरूकडच्या कन्नडमध्ये मी सांगत होतो, की आत कुणाला जाता येणार नाही.

बायको कौतुकानं म्हणाली, "आवाज छान हाय हो. कुणाचा हाय?"

मला उत्तर द्यायला वेळ मिळाला नाही. तेवढ्यात मी मेलो होतो. खोकी अंगावर पडली, माझा एक पाय तेवढा बाहेर दिसत राहिला, आणि हिरो त्या पायावरून उडी मारून आत गेला. हिरोचा चेहरा मात्र त्यांनी नंतर कधीतरी चिकटवला होता. किती पटकन झालं म्हणून सांगू? उप्पिटाचा घास उचलावा आणि तोंडापर्यंत न्यावा, एवढ्यात माझी सगळी कारकीर्द आटोपली.

"परत लाव, परत लाव," मेव्हणा म्हणाला. मुलीनं परत लावलं. मी परत मेलो. अक्काला नीट दिसलं नव्हतं, म्हणून आणखी एकदा मेलो. टॉकीजमध्ये माणूस एकदाच मरतो. घरी ही सोय असते.

"बास की," अव्वा म्हणाली. "किती येळा मारायलाव त्याला?"

मुलीनं पिक्चर थांबवला. ती खुर्चीतून उठली, माझ्याशेजारी येऊन बसली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. बरोबर त्याच खांद्यावर.

"हितं लागलं का?"

"अव्वा, खोटं असतंय ते. खोकी रिकामी होती."

"खोटं असतंय ते मला बी कळतंय. म्हातारी झाले, येडी न्हाई," ती म्हणाली. मग म्हणाली, "पर तू मला हाक मारलास."

मला काही समजेना. मुलीनं न सांगताच पिक्चर मागं घेतला आणि या वेळी अगदी हळू चालवला. पडद्यावरचा घोगरा आवाज ताणला जाऊन बैलाच्या हंबरण्यासारखा झाला. पण ओठ त्या आवाजाबरोबर चालत नव्हते. खोक्यांवर कलंडताना, त्या फौजदारी मिशांच्या खाली, माझे ओठ स्पष्ट हलत होते. अव्वा. अव्वा गं.

मला आठवतच नव्हतं. सगळ्या बाजाराला हिरोला दोन ठेवून दिल्याचं सांगत फिरलो होतो, आणि तिकडं कॅमेऱ्यासमोर आईला हाक मारून ठेवली होती. मेव्हणा हसू दाबायला खाली बघून उप्पीट खायला लागला. बायको हसली नाही. तिनं फक्त माझ्या हातातली ताटली काढून घेतली, कारण ती वाकडी होऊन उप्पीट सांडायला लागलं होतं.

अव्वा देवघरात गेली आणि विभूती आणून माझ्या कपाळाला लावली. मग स्वयंपाकघरातून मीठमिरच्या आणल्या.

"अव्वा, शरणांनी असलं कायबी सांगितलेलं न्हाई," मी म्हणालो. शरण म्हणजे आम्हा लिंगायतांचे संत. त्यांना मानणाऱ्या घरात दृष्टबिष्ट काढत नाहीत, हे तिनंच मला लहानपणी शिकवलेलं.

"न्हाई सांगितलं," ती म्हणाली. "तू गप बस." आणि ओवाळून टाकलं.

मला वाटलं, आता पिक्चर बंद करायला लावणार. पण ती परत समोरच्या खुर्चीत बसली आणि म्हणाली, "कामून मारला त्यानं तुला?"

हा प्रश्न मी कोळारला कुणालाच विचारला नव्हता. मी का मरतोय, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मिशा कशा दिसतात एवढीच काळजी होती.

"तसं काय न्हाई. मी दारात हुबा होतो."

"नुस्ता?"

"नुस्ता."

"दारात हुबा ऱ्हायल्यावर मारत्यात?" अव्वानं विचारलं, आणि मुलीला म्हणाली, "पुढं लाव. बघू काय म्हणतोय ते."

ती हिरोला सोडणार नव्हती. पुढचा सगळा पिक्चर तिनं त्याच्यावर डोळा ठेवून बघितला. त्यानं एका मुलीला वाचवलं, तरी अव्वाचा चेहरा हलला नाही. त्याला गोळी चाटून गेली तेव्हा "हूं" एवढंच म्हणाली. मग खलनायकाचा प्रसंग आला. त्याला कुणीतरी येऊन सांगतं, की गोदामावर हल्ला झाला, आपली माणसं गेली. तो बराच वेळ मान खाली घालून बसतो आणि विचारतो, "घरी कळवलं का त्यांच्या?"

"बघ," अव्वा म्हणाली. "ह्यानं विचारलं."

त्या क्षणापासून ती खलनायकाच्या पक्षात गेली. तो पैसेवाल्यांना धमकावत होता, पुलावरून माणसं खाली टाकत होता, आणि अव्वा म्हणत होती, "त्याची माणसं मारल्यावर काय करंल मंग?" अक्कानं तिला समजावून बघितलं.

"अव्वा, हिरोला बी आई हाय बघ. वाट बघत बसलीय बिचारी."

"मंग तिनं शिकवायला पायजे होतं," अव्वा म्हणाली.

शेवटी हिरोनं खलनायकाला एका अर्धवट बांधलेल्या इमारतीवरून खाली ढकललं. आमच्या घरात कुणीच टाळी वाजवली नाही. अव्वानं दोन्ही हात जोडून कपाळाला लावले आणि हळूच म्हणाली, "लिंगैक्य झाला." आमच्यात मेलेल्या माणसाबद्दल असंच म्हणतात. मला वाटतं, त्या पिक्चरमधल्या खलनायकाच्या वाट्याला इतका मान दुसऱ्या कुठल्या घरात आला नसेल. मग तिनं भाकरी मागितली आणि अक्काच्या चटणीबरोबर शांतपणे खाल्ली.

दुसऱ्या दिवशी मी न्हाव्याकडं गेलो. "शूटिंग संपलं का?" त्यानं विचारलं. संपलं म्हणालो. मिशा बारीक झाल्यावर बाजारात कुणाच्या काही लक्षात आलं नाही, एकट्या कापडदुकानदारानं विचारलं, आजारीबिजारी होता का म्हणून. त्यानंही पिक्चर मोबाईलवर बघितला होता, पण माझ्या प्रसंगाच्या वेळी त्याला गिऱ्हाईक आलं होतं. परत मागं घेऊन बघता येतं, हे मी त्याला सांगितलं नाही.

अव्वानं मात्र आता बायकांना बोलावलं. दुपारी ओट्यावर बसून ती त्यांना पिक्चर सांगायची, आणि तो सांगायची आपल्या पद्धतीनं. तिच्या पिक्चरमध्ये एक भला व्यापारी असतो, त्याची गोदामं असतात. त्याच्या दारावर एक इमानी माणूस उभा असतो. एक उडाणटप्पू पोरगा येऊन काही कारण नसताना त्या इमानी माणसाला मारतो. व्यापारी अन्नपाणी सोडून त्याच्या घरच्यांची चौकशी करतो. बायका डोळ्याला पदर लावायच्या. मी दुकानातून जेवायला आलो, की ओट्यावरच्या सगळ्याजणी मला जागा करून द्यायच्या आणि मायेनं बघायच्या. मीही चेहरा जरा पडका ठेवून आत जायचो.

त्यातल्या एकीच्या सुनेनं खरा पिक्चर बघितला. ती दुकानात कुकर घ्यायला आली आणि बराच वेळ माझ्याकडं निरखून बघत राहिली.

"काका, तुमच्या अव्वा सांगत्यात तो पिक्चर येगळाच हाय का? म्या बघितला त्यात तुमी गुंडाच्या टोळीत हाव."

"व्हय," मी म्हणालो. "टोळीतच हाय."

"मंग अव्वा खोटं सांगायल्यात का?"

मी कुकरांच्या फळीकडं वळलो. खरं सांगायचं तर त्या दोन्ही पिक्चरमधला अव्वाचाच मला जास्त पटला होता. त्यात निदान मी मेल्याचं कुणाला तरी वाईट वाटत होतं.

"खोटं न्हाई," मी म्हणालो. "तिनं माझ्या बाजूनं बघितलाय." आणि फळीवरचा कुकर काढून तिच्यासमोर ठेवला, झाकण कसं बसतं ते दाखवायला.